लिनक्सवर वायफाय कनेक्टेड दिसतं पण नेट चालत नाही, नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉपवर उबुंटू, वायफाय कनेक्टेड दिसतं पण आयकॉनवर प्रश्नचिन्ह येतं, त्याच वायफायवर फोन व्यवस्थित चालतो, ८.८.८.८ ला पिंग (पोचतंय का ते बघणारी छोटी हाक) बहुतेक वेळा जातं पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये हाताने नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) लिहिला की चालतं, रिस्टार्ट केलं की पुन्हा बंद. मध्यंतरी कामासाठी एक व्हीपीएन टाकला होता, तो काढून टाकलाय. आता फॉरमॅट मारून सगळं नव्याने टाकू का?

फॉरमॅट मारू नका, काही गरज नाहीये. अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. आकड्यांच्या पत्त्यावर पिंग जातं म्हणजे कार्ड चालतंय, ड्रायव्हर चालतोय, पासवर्ड बरोबर आहे, राउटरने आयपी दिलाय आणि राउटरच्या पुढे बाहेरपर्यंतचा रस्ताही मोकळा आहे. अडलंय ते फक्त नावावरून पत्ता काढण्यापाशी, म्हणजे डीएनएसपाशी. आणि व्हीपीएन काढल्यानंतर हे सुरू झालं असेल तर माझा पहिला संशय त्याने मागे सोडलेल्या सेटिंगवर आहे. त्याचं काय करायचं ते खाली सविस्तर लिहितो, पण आधी शोधायची पद्धत सांगतो कारण उद्या वेगळाच बिघाड आला तर नुसती एक कमांड पाठ असून उपयोग होत नाही.

पद्धत म्हणजे इतकंच की खालून वर जायचं आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा. कार्ड मशीनला दिसतंय का, लिंक लागली का, आयपी मिळाला का, राउटरपर्यंत पोचतोय का, राउटरच्या बाहेर पोचतोय का, नावाचा पत्ता निघतोय का, आणि शेवटी तो एखादा प्रोग्रॅमच अडलाय का. ज्या पायरीला उत्तर 'नाही' आलं तिथेच थांबायचं, वरचं काहीही बघायचं नाही. लोक नेमकं उलटं करतात, ब्राउझरपासून सुरू करतात, मग कुठूनतरी दहा कमांड कॉपी करून एकामागून एक मारतात, त्यातली एखादी लागू पडते पण कुठली ते कळत नाही आणि बाकीच्या नऊ कमांडनी केलेले बदल सिस्टिममध्ये तसेच पडून राहतात. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये मूळ बिघाड छोटा आणि वर हे असे थर चढलेले, असं फार वेळा असतं. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि फाइल बदलायच्या आधी तिची कॉपी.

सगळ्यात खालचं पटकन उरकतो. टर्मिनलमध्ये 'आयपी लिंक' टाका. जुन्या लेखांमध्ये आयएफकॉन्फिग सांगतात, ती आता बऱ्याच डिस्ट्रोत (उबुंटू, डेबियन असे लिनक्सचे प्रकार) आधीपासून नसतेच, आयपी हीच कमांड शिकून घ्या. यादीत 'एलओ' (मशीनचं स्वतःशीच बोलायचं कार्ड) सोडून काहीच दिसत नसेल तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कार्ड दिसत नाहीये किंवा ड्रायव्हर चढला नाहीये. मग 'एलएसपीसीआय' ला 'एनएनके' हा ऑप्शन देऊन बघा, कार्डाच्या नावाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का ते बघायचं, आणि डीमेसेज या कर्नलच्या लॉगमध्ये फर्मवेअर (कार्डाच्या आत चढणारा छोटा प्रोग्रॅम) हा शब्द शोधायचा. फर्मवेअर लोड झालं नाही असं तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं, मग डिस्ट्रोचं फर्मवेअर पॅकेज टाकलं की काम होतं. डेबियनवाल्यांना हे पूर्वी फार छळायचं, २०२३ च्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच नॉन फ्री फर्मवेअर येतं त्यामुळे तो त्रास बराच कमी झालाय. नेटच नाही तर पॅकेज आणायचं कसं, तर अँड्रॉइड फोन केबलने लावा, यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स त्याला बहुतेक वेळा वायर्ड नेटवर्क म्हणून लगेच ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

इथेच अजून दोन गोष्टी. एक, 'आरएफकिल लिस्ट' मारा, वायफाय कोणी बंद करून ठेवलंय का ते ती सांगते. त्यात सॉफ्ट ब्लॉक 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' ने सुटतं, पण हार्ड ब्लॉक 'येस' असेल तर लॅपटॉपचं बटण, फंक्शन की किंवा बायोसमधली सेटिंग बघायला लागते, कमांडने ते उघडत नाही. दोन, बाहेरून ड्रायव्हर कंपाइल करून टाकला असेल आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेतच नाही, ड्रायव्हर टाकलाय तरी चालत नाही असं वाटत राहतं. 'एमओकेयूटिल' ला एसबी स्टेट विचारलं की सिक्युअर बूट चालू आहे का ते कळतं. ड्युअल बूट असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, त्यामुळे विंडोज पूर्ण शटडाऊन होत नाही आणि वायफाय कार्ड कधी कधी अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हातात येतं.

केबलवाल्यांसाठी: आयपी लिंकमध्ये 'नो कॅरियर' दिसलं तर केबल, पोर्ट किंवा समोरचा स्विच यातलंच काहीतरी, सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका. आणि लिंक लागते पण स्पीड १०० च्या वर जात नाही अशी तक्रार असेल तर ईथटूलने स्पीड बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार तुटली की लिंक मरत नाही, गुपचूप १०० वर उतरते आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो.

आता आयपी. 'आयपी अ‍ॅड्रेस' मध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, किंवा व्ही४ चा पत्ताच नसला, तर डीएचसीपीकडून, म्हणजे राउटरमधल्या आयपी वाटणाऱ्या सर्व्हिसकडून, उत्तर आलेलं नाही. वायफाय असेल तर आधी लॉग बघा, 'जर्नलसीटीएल' ला नेटवर्कमॅनेजर (नेटची जोडणी सांभाळणारी सर्व्हिस) युनिट आणि आत्ताचं बूट एवढंच मागा, म्हणजे हायफन यू नेटवर्कमॅनेजर आणि हायफन बी. त्यात जोडणी कुठल्या टप्प्याला तुटते ते ओळीने लिहिलेलं असतं. फोर वे हँडशेक (वायफायची पासवर्ड तपासणी) फेल झालं असं आलं तर बहुधा पासवर्ड चुकलाय किंवा राउटरवर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ हे वायफाय सुरक्षेचे दोन प्रकार एकत्र चालू आहेत आणि कार्डाच्या ड्रायव्हरला ते झेपत नाहीये, तेव्हा राउटरवर थोडा वेळ फक्त डब्ल्यूपीए२ ठेवून बघा. हँडशेक झालं आणि डीएचसीपीला टाइमआउट झाला तर राउटरकडे बघायचं, पत्ते संपलेत का, मॅक पत्त्यावर, म्हणजे कार्डाच्या ओळख क्रमांकावर, फिल्टर लावलाय का.

आणि इथे एक बिघाड आहे जो मला वाटतं सगळ्यात जास्त लोकांचा वेळ खातो: एकाच कार्डावर दोन दोन मॅनेजर. नेटवर्कमॅनेजर, सिस्टिमडी नेटवर्कडी, डीएचसीपीसीडी आणि जुनी ईटीसी नेटवर्क इंटरफेसेस फाइल, हे सगळे तेच काम करतात आणि एका कार्डावर एकच असायला हवा. 'एनएमसीएलआय डिव्हाइस' मारा, तिथं कार्डासमोर 'अनमॅनेज्ड' दिसलं तर त्याचा अर्थ नेटवर्कमॅनेजरने ते कार्ड हातात घेतलंच नाहीये, बहुतेक वेळा कारण असं की कोणीतरी त्या जुन्या इंटरफेसेस फाइलमध्ये त्या कार्डाचं नाव लिहून ठेवलंय. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन असतं, नेटवर्कची सेटिंग लिहायची सोय, त्याच्या फाइलमध्ये रेंडरर (यांपैकी कोणी काम करायचं ते) कुठला लिहिलाय ते बघा. दोघांनी आपापला आयपी घेतला, एकाने राउट टाकला दुसऱ्याने पुसला, असं चालू झालं की नेट पाच मिनिटं येतं आणि जातं आणि लोक राउटर बदलून आणतात. कोण ठेवायचा ते ठरवा, दुसऱ्याची सर्व्हिस डिसेबल करा, विषय संपला. नेटप्लॅनमध्ये बदल करताना दूरच्या मशीनवर असाल तर 'नेटप्लॅन ट्राय' वापरा, १२० सेकंदात तुम्ही होकार दिला नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते, ही सोय असताना लोक थेट अप्लाय मारून स्वतःला सर्व्हरच्या बाहेर कोंडून घेतात.

सर्व्हरवाल्यांसाठी अजून दोन खास. व्हर्च्युअल मशीनची कॉपी काढून दुसरं बनवलं आणि दोघांना एकच आयपी मिळतोय, मॅक वेगळा असूनही, तर ईटीसीमधली मशीन आयडी फाइल दोन्हीकडे सारखी आहे, कारण नेटवर्कडी डीएचसीपीला स्वतःची ओळख त्या आयडीवरून सांगतो. कॉपीवर नवी मशीन आयडी तयार केली की सुटतं. दुसरं म्हणजे नवीन एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि नेट गेलं. हे ऐकायला विचित्र वाटतं पण ईएनपी३एस० या नावातला ३ हा पीसीआय बसचा नंबर असतो, नवीन कार्डाने नंबर सरकले की तेच पोर्ट ईएनपी४एस० होतं आणि तुमची स्टॅटिक सेटिंग जुन्या नावाला चिकटलेली राहते. हार्डवेअर बदलत राहणार असाल तर सेटिंग मॅक पत्त्यावर बांधा, नावावर नको.

पुढची पायरी राउट, म्हणजे पॅकेटने कुठल्या रस्त्याने जायचं ते. 'आयपी राउट' मध्ये 'डिफॉल्ट व्हाया' असं सुरू होणारी ओळ हवी, ती नसेल तर पिंग मारल्यावर 'नेटवर्क इज अनरीचेबल' येतं. दोन डिफॉल्ट ओळी असतील तर ज्याचं मेट्रिक, म्हणजे प्राधान्याचा आकडा, कमी त्याच्यातून ट्रॅफिक जातं. नेटवर्कमॅनेजर केबलला १०० देतो आणि वायफायला ६००, म्हणजे प्रिंटर किंवा टेस्टिंग बोर्डासाठी एखादी केबल लावली जिच्यामागे इंटरनेट नाही, तरी सगळं ट्रॅफिक तिच्याकडेच धावतं आणि वायफाय फुल असून साइट उघडत नाही. त्या केबलच्या कनेक्शनला 'फक्त याच नेटवर्कवरच्या गोष्टींसाठी वापरा' हा पर्याय लावायचा, आयपीव्ही४ च्या टॅबमध्ये खाली असतो, म्हणजे तो डिफॉल्ट राउट टाकतच नाही. आणि मेट्रिक २०६०० सारखं काहीतरी मोठं दिसलं तर घाबरू नका, इंटरनेट तपासणी नापास झाली की नेटवर्कमॅनेजर स्वतःहून त्यात २०००० मिळवतो, तुमच्या आयकॉनवर जे प्रश्नचिन्ह येतं तेही याच तपासणीतून येतं.

राउट ठीक असेल तर आधी राउटरला पिंग, मग १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ला, मग एखाद्या साइटच्या नावाला. क्रम हाच ठेवा. आणि एरर आला की तो नीट वाचा, कारण लिनक्सचे हे एरर खरंच अचूक असतात. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं आणि ते तुमच्याच आयपीवरून आलंय असं दिसलं तर त्याचा अर्थ समोरचं मशीन तुमच्याच लॅनवर सापडलं नाही, एआरपीला ('हा आयपी कोणाचा' या लॅनवरच्या हाकेला) कोणी उत्तर दिलं नाही, 'आयपी नेबर' मध्ये त्याच्यासमोर 'फेल्ड' दिसेल. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर बाहेर काही बघायचंच नाही, तुमच्या स्वतःच्या मशीनवरची फायरवॉल पॅकेट अडवतेय. व्हीपीएनचा किल स्विच (व्हीपीएन तुटलं की नेट अडवणारे नियम) मागे राहिला की हेच दिसतं, 'एनएफटी लिस्ट रूलसेट' मध्ये ते नियम सापडतात. 'टेंपररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' म्हणजे डीएनएस सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही किंवा त्याने उत्तर दिलं नाही, पण 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' म्हणजे बहुतेक वेळा डीएनएस चालू आहे आणि तसं नावच त्याला माहीत नाही, या दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर उलट खूश व्हा, रस्ता पूर्ण उघडा आहे, समोरच्या मशीनने उत्तर दिलंय, फक्त त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. 'टाइम्ड आउट' मात्र वाईट, पॅकेट कुठेतरी गिळलं गेलंय, बहुधा फायरवॉल. शेवटचं हे की काही नेटवर्कवर पिंग मुद्दाम बंद केलेलं असतं, त्यामुळे पिंग गेलं नाही एवढ्यावरून नेट नाही असं ठरवू नका, कर्ल या कमांडने एखादी साइट मागून बघा.

आता तुमचा मुद्दा, डीएनएस. उबुंटूवर ईटीसीमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही खरी फाइल नसते, ती रन फोल्डरमधल्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक असते आणि रन फोल्डर मेमरीत असतो, प्रत्येक बूटला नव्याने तयार होतो. म्हणून तुम्ही लिहिलेलं टिकत नाही, सिस्टिमडी रिझॉल्व्हडी ती फाइल परत लिहितो. त्यात १२७.०.०.५३ दिसतं ते बघून बरेच जण हा चुकीचा डीएनएस आहे म्हणून काढून टाकतात, पण तो बरोबर आहे, तो रिझॉल्व्हडीचाच पत्ता आहे, तुमच्या मशीनवरच बसलेला मधला माणूस, तो पुढे खऱ्या सर्व्हरला विचारतो. खरे सर्व्हर कुठले ते बघायला 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मारा. प्रत्येक कार्डाखाली त्याचे डीएनएस सर्व्हर येतात.

तिथं बारकाईने बघा. एखादं अनोळखी कार्ड दिसतंय का, टन०, डब्ल्यूजी० किंवा डमी प्रकारचं काहीतरी, ज्याच्यापुढे डीएनएस डोमेन म्हणून टिल्डा आणि टिंब (~.) लिहिलंय? त्या टिल्डा टिंबाचा अर्थ होतो की जगातली सगळी नावं याच कार्डाच्या डीएनएसला विचारा. काही व्हीपीएन प्रोग्रॅम चालू असताना लीक होऊ नये म्हणून असं एक खोटं कनेक्शन तयार करतात आणि प्रोग्रॅम काढला किंवा मध्येच क्रॅश झाला तर ते कनेक्शन नेटवर्कमॅनेजरमध्ये तसंच राहतं, प्रत्येक बूटला चालू होतं, आणि तुमची सगळी नावं अशा सर्व्हरकडे जातात जो आता अस्तित्वातच नाही. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात. 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' मारा, तुमच्या वायफायशिवाय आणि एलओशिवाय काय काय आहे ते बघा. डॉकर किंवा व्हर्च्युअल मशीनचे ब्रिज असतील ते सोडून द्या, व्हीपीएनचं वाटणारं कनेक्शन 'एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट' ने काढा आणि लगेच एखादी साइट उघडून बघा.

ते नसेल तर वायफायच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये डीएनएस हाताने भरलेला राहिलाय का ते बघायचं, सेटिंगमध्ये वायफायच्या नावासमोरचं गिअर, आयपीव्ही४ टॅब, तिथं डीएनएस ऑटोमॅटिक आहे का. आणि तेही ठीक असेल तर ईटीसीमधल्या सिस्टिमडी फोल्डरात रिझॉल्व्हडी डॉट कॉन्फ आणि त्याच नावाचं डॉट डी वालं फोल्डर, तिथं कोणी जागतिक डीएनएस लिहून ठेवलाय का. तुम्हाला राउटरचा डीएनएस नकोच असेल, दुसरा ठेवायचा असेल, तरी जागा हीच, प्रोफाइलमध्ये ऑटोमॅटिक बंद करायचं आणि १.१.१.१ भरायचं, मग ते रिस्टार्टनंतरही टिकतं. फाइलला चॅटर कमांडने कुलूप लावा, म्हणजे ती कोणी बदलूच शकणार नाही, असा सल्ला सगळीकडे सापडतो, कृपा करून ते करू नका. आज चालेल, पण उद्या कुठल्या हॉटेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायला गेलात की लॉगिनचं पान उघडणार नाही, व्हीपीएन लावलात तर आतली नावं सापडणार नाहीत, आणि तोपर्यंत तुम्ही ते कुलूप विसरलेले असाल.

डीएनएस तपासताना एक गोम लक्षात ठेवा. डिग ही कमांड थेट डीएनएस सर्व्हरला विचारते, पण बहुतेक प्रोग्रॅम ईटीसीमधल्या एनएसस्विच डॉट कॉन्फच्या क्रमाने जातात, आधी होस्ट्स फाइल, मग बाकीचं. त्यामुळे डिगला उत्तर मिळतं आणि प्रोग्रॅमला मिळत नाही असं होऊ शकतं. प्रोग्रॅमला काय दिसतंय ते बघायला 'गेटएंट होस्ट्स' आणि पुढे नाव टाका. ऑफिसमधली डॉट लोकलने संपणारी नावं लिनक्सवर सापडत नाहीत ही तक्रार नेहमीची आहे, त्याचं कारण याच फाइलमध्ये असतं, डॉट लोकल हे एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय लॅनवरच नावं शोधायची पद्धत) राखीव आहे आणि त्या ओळीत एमडीएनएसला नाव नाही मिळालं तर पुढे विचारूच नको असं लिहिलेलं असतं.

तुम्ही लिहिलंय की पिंग 'बहुतेक वेळा' जातं. म्हणजे कधी कधी जात नाही. डीएनएस सुटल्यावरही हे राहिलं तर तो वेगळा बिघाड धरा, दोन्ही एकत्र सोडवू नका. आधी 'आयडब्ल्यू डेव्ह', मग कार्डाचं नाव, मग 'लिंक' असं टाकून सिग्नल बघा. उणे ५० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ७० ला काठावर, उणे ८० च्या खाली गेला तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. सिग्नल चांगला असूनही राउटरच्या पिंगला मध्येच शेकडो मिलिसेकंद लागत असतील तर पॉवर सेव्हवर संशय घ्या. उबुंटूत नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरात डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन या नावाची फाइल असते, त्यात पॉवरसेव्ह ३ असतं, ते २ केलं की बंद होतं, मग नेटवर्कमॅनेजर रिस्टार्ट. बॅटरी थोडी जास्त जाते पण काही कार्डांवर फरक लगेच जाणवतो. फोनला एखादं वायफाय दिसतं आणि लॅपटॉपला अजिबातच नाही, असं असेल तर राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर आहे का बघा, 'आयडब्ल्यू रेग गेट' मध्ये देश चुकीचा असेल तर कार्ड ती चॅनेल वापरतच नाही.

यापुढचे बिघाड कमी येतात पण आले की माणूस हतबल होतो, म्हणून लिहितो. पिंग जातं, नाव सापडतं, काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, एसएसएच पासवर्ड घेतं आणि मग गोठतं. हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, चेहरा आहे. छोटी पॅकेट जातात, मोठी वाटेत कुठेतरी मावत नाहीत, आणि मावत नाही हे सांगणारा आयसीएमपी मेसेज कुठल्यातरी फायरवॉलने अडवलेला असतो. तपासायला पिंगला तुकडे करू नकोस असं सांगायचं, हायफन कॅपिटल एम आणि डू, आणि साइझ १४७२ द्यायचा, कारण त्यात २८ हेडरचे मिळवले की १५०० होतात. ते गेलं नाही तर १४६४ करून बघा, पीपीपीओई (युजरनेम पासवर्डने जोडणाऱ्या ब्रॉडबँड) लाइनला १४९२ चाच एमटीयू असतो. त्यानेही नाही तर कमी करत जा. नक्की करायला 'आयपी लिंक सेट' ने कार्डाचा एमटीयू तात्पुरता १४०० करा, लटकलेल्या साइट धडाधड उघडल्या तर निदान पक्कं. व्हीपीएनमध्ये तर हे फार होतं, वायरगार्ड साधारण १४२० धरतो आणि खालची लाइन आधीच आखूड असेल तर तेवढंही मावत नाही.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) अर्धवट असला की वेगळी गंमत दिसते, ब्राउझर चालतो पण अपडेट किंवा गिट मिनिटभर अडकतं. ब्राउझर दोन्ही रस्ते जवळजवळ एकदम आजमावतो आणि जो लागेल तो घेतो, बाकीचे बरेच प्रोग्रॅम एका रस्त्यावर वाट बघत बसतात. कर्लला एकदा हायफन ४ आणि एकदा हायफन ६ देऊन तीच साइट मागा, सहावाला लटकला तर कारण मिळालं. त्या एका कनेक्शनवर आयपीव्ही६ बंद करा, अख्ख्या कर्नलमध्ये बंद करायची गरज नसते, आणि राउटरची किंवा लाइनची सेटिंग सुधारली की परत चालू करा.

डॉकर वापरत असाल तर १७२.१७ ची सबनेट त्याने घेतलेली असते. ऑफिसचं नेटवर्कही त्याच रेंजमध्ये असेल तर तिथली मशीन तुम्हाला कधीच सापडणार नाहीत, पॅकेट मशीनच्या बाहेरच पडत नाही. 'आयपी राउट गेट' आणि पुढे तो पत्ता टाका, डॉकर० दिसलं की समजलं. ही आयपी राउट गेट कमांड मला सगळ्यात आवडते, कुठल्याही पत्त्याकडे पॅकेट नेमकं कुठल्या कार्डातून कुठल्या आयपीने जाणार ते ती एका ओळीत सांगते, अंदाज लावायची वेळच येत नाही.

फक्त एकाच प्रोग्रॅमला नेट मिळत नसेल तर एन्व्हायर्नमेंटमध्ये प्रॉक्सी (नेट ज्याच्यामार्फत जातं तो मधला सर्व्हर) शोधा, जुन्या नोकरीतली प्रॉक्सी बॅशआरसीमध्ये किंवा एपीटीच्या कॉन्फमध्ये वर्षानुवर्षं पडून असते. सगळ्या साइट सर्टिफिकेट एरर देत असतील तर 'टाइमडेटसीटीएल' मध्ये तारीख बघा, बायोसची बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं आणि सर्टिफिकेट अजून सुरूच झालं नाही असं ब्राउझरला वाटतं. आणि एमटीआर (वाटेतला प्रत्येक राउटर दाखवणारी कमांड) चालवून मधल्या एखाद्या राउटरवर ६० टक्के लॉस दिसला म्हणून लाइनवाल्याशी भांडू नका, मधले राउटर पिंगला उत्तर द्यायचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवतात, तो लॉस तिथून शेवटच्या ओळीपर्यंत सलग दिसला तरच खरा.

एवढं करूनही सुटलं नाही तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करा. तिथं चाललं तर हार्डवेअर आणि लाइन दोन्ही सुटले, बिघाड तुमच्या इन्स्टॉलेशनमध्ये आहे. कर्नल अपडेटनंतर बिघडलं असेल तर ग्रबच्या (बूट होतानाच्या मेनूच्या) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शनमधून आधीचा कर्नल निवडून बघा, तो मुद्दाम ठेवलेला असतो.

तुम्ही आधी व्हीपीएनचं उरलेलं कनेक्शन शोधा. सापडलं नाही तर मला या पाच गोष्टींचं आउटपुट पाठवा: आयपी अ‍ॅड्रेस, आयपी राउट, रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस, एनएमसीएलआय कनेक्शन शो, आणि नेटवर्कमॅनेजरचा आत्ताच्या बूटचा लॉग. फोटो नको, टेक्स्ट कॉपी करा, आणि काहीही दुरुस्त करायच्या आधीचं, बिघडलेल्या अवस्थेतलं हवं. लॉगमध्ये तुमच्या वायफायचं नाव आणि मॅक पत्ते येतात ते झाकून टाका, आणि नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टिम कनेक्शन्स फोल्डरमधल्या फाइल मात्र कोणालाच पाठवू नका, त्यात वायफायचा पासवर्ड बहुतेक वेळा उघडा लिहिलेला असतो.